विझलेल्या ताऱ्यातली तिसरी पाळी

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, दुपारचे चार. खर्च एकशे वीस रुपये, भजी आणि चहाचा. हजर: मी, बायको आणि एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकणारी आमची मुलगी. लालबागच्या आमच्या खोलीत तिच्या भाषणाची तालीम होती. उन्हाळ्यात दुर्बिणीवर काम करायला वर्गातून एकालाच, भाषणावरून, घेणार होते, आणि विषय न शिकलेल्या माणसालाही भाषण कळलं पाहिजे, अशी सरांची अट. तालमीपुरता तो माणूस मी.

प्रश्न असा: इंधन संपलेला तारा निवतो, तरी स्वतःच्या वजनाने पार कोसळत का नाही? ती वीस मिनिटं बोलली.

"कुठपर्यंत कळलं, बाबा?"

"नमस्कारापर्यंत."

ती रडकुंडीला आली. बायको म्हणाली, "अगं, थंड झालाय ना तो? मग बसू देत की सगळे खाली."

"खाली जागाच नाही, आई! एका जागेत दोनच इलेक्ट्रॉन, तेही उलट्या फिरकीचे. बाकीच्यांनी वरच्या पातळ्यांवर जोरात पळत राहायचं. त्यांच्या रेट्यावर तारा तगतो."

मला वडिलांचा गाळा आठवला, तो मी तिला सांगू लागलो. गाळा म्हणजे गिरणीत काम करणाऱ्या गाववाल्यांची भाड्याची खोली. एका वळकटीची जागा पाळीवर वाटलेली. एक कामावर गेला की दुसरा आडवा होणार. जागा भरल्या की नवा माणूस माळ्यावर, मग गॅलरीत. कितीही दमलेला असो, खाली सरकायची सोय नाही.

ऐकता ऐकता ती ताठ बसली. मी हिशेब पुरा केला, "पाळ्या तीन. म्हणजे एका जागेत तिघं."

"दोनच, बाबा! तिसरा घुसवलात तर माझा तारा खचेल."

"गिरणीत तीनच होत्या. खोटं कसं सांगायचं?"

"अहो, तिसरी पाळी संपावर पाठवा," बायको म्हणाली, "आणि भजी संपवा."

मुलीने दोन पाळ्यांची गिरणी धरली. भाषणाला सरांनी ग्रंथालयातल्या बाईंना मुद्दाम बसवलं होतं. शेवटी त्यांनीच विचारलं, "आणि माणसं येतच राहिली, खोलीच खचली तर?" सर खूश झाले; म्हणे, याहून जड तारे असेच कोसळतात.

मुलीची निवड झाली. दुर्बिणीजवळच्या वसतिगृहाची अनामत पंधराशे रुपये. ती मी तिथल्या व्यवस्थापक बाईंना रोख दिली.