मुंबईचं पाणी

माझ्या कामातली मशिनं डोळ्यांना दिसत नाहीत. एका गारठलेल्या खोलीत मोजकेच दांडगे सर्व्हर असतात आणि त्यांच्या पोटात शेकडो मशिनं राहतात, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी. प्रत्येकाला वाटतं, अख्खी इमारत आपलीच. कोणाला किती डिस्क, किती मेमरी, हे वाटून देणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं, आणि अर्धं आयुष्य मी त्या सॉफ्टवेअरची राखण करण्यात घालवलंय. घरी कोणाला धड सांगता येत नाही. सासूबाई शेजारणीला सांगतात, "ती कंप्युटरचं गोडाऊन सांभाळते." मी आता त्यांचं बोलणं दुरुस्त करत नाही.

अलीकडे त्या सॉफ्टवेअरचे परवाने महागले आणि सगळ्यांनी बाडबिस्तरा गुंडाळायला घेतला. कोणी क्लाउडवर चाललंय, कोणी फुकटातल्या सॉफ्टवेअरवर. आमचंही स्थलांतर निघालं. साहेबांचा नियम साधा: प्रत्येक मशीनला मालक हवा. ज्याला मालक नाही ते बेवारस, आणि बेवारस मशीन नव्या घरी न्यायचं नाही.

बेवारस मशीनचा वाली शोधायची आमची रीत मात्र जगावेगळी आहे. मशीन सरळ बंद करायचं आणि गप्प बसायचं. ज्याचं असेल तो बोंबलत येतो. आम्ही याला 'बोंब टेस्ट' म्हणतो. कोणीच बोंबललं नाही तर काही दिवसांनी ते पुसून टाकायचं.

त्या दिवशी मी शांती नगरच्या घरूनच काम करत होते. एक चिमुकलं मशीन बेवारस निघालं. नाव विचित्र, काम कोणाला ठाऊक नाही, आणि किती तरी महिने एकदाही बंद न पडता चालू. ते बनवणाऱ्याचं नाव बघितलं आणि माझा हात थांबला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा तो. मुंबईबाहेर खाडीकाठच्या राई गावातला, माझ्यापेक्षा बराच लहान, कामाला वाघ आणि "उद्या करतो" म्हणण्यात पटाईत. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेला. त्याचं टेबल दुसऱ्याला दिलं, खुर्चीसुद्धा दिली. आणि हे त्याचं मशीन आतल्या आत चालूच होतं.

मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, पता नहीं किसका है तो बंद कर ना. बघू कोण ओरडतंय." चीड आली मला. पण नियम नियमच. मी बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज, "बाय, आज पोऱ्याचा मेसेज आला न्हाय."

कोणाचा पोऱ्या, मला कळेना. मग त्यांनी नाव सांगितलं. त्याचे वडील होते ते. त्याच्या दिवसकार्याला मी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा मीच त्यांना माझा नंबर देऊन आले होते, काही लागलं तर सांगा म्हणून. त्यांना वर्षभर काहीच लागलं नव्हतं.

मी मशीन पुन्हा चालू केलं आणि आत डोकावले. एवढंसंच काम होतं त्याचं. रोज सकाळी भरती-ओहोटीची वेळ काढायची आणि ऑफिसच्या अलर्टसाठी असलेल्या एसएमएसच्या सोयीतून एका नंबरवर पाठवायची. एकाच नंबरवर.

रविवारी मी रिक्षा करून राईला गेले. काका ओटीवर बसले होते. जन्मभर खाडीत जाळं टाकलेला माणूस, आता गुडघ्यांमुळे घरी. त्यांनी मोबाइल पुढे केला आणि हसले.

"ह्यो बग. आमची भरती यायला अजून अवकाश हाय, नि ह्यो सांगतो आली. मुंबईचा पानी पाठवतो. तिथला पानी खाडीत आत याला टाइम लागतो का न्हाय? किती भांडलो त्याच्याशी. म्हनायचा, बाबा, उद्या करतो."

'पाठवतो' म्हणाले ते. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा.

"मी येडा न्हाय, बाय. अग्नी मीच दिला त्याला. पन सकालचा मेसेज आला का मी त्याला शिवी देतो, मंग च्या पितो. एवराच."

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. मालकाच्या रकान्यात मी माझं नाव घातलं. साहेब कुरकुरले, मी ऐकलं नाही. त्याच्या वडिलांचा सकाळचा मेसेज मी तुटू देणार नव्हते. मशीन नव्या जागी नेलं, नीट चालतंय ना ते तपासलं. आणि तिथेच मला सुबुद्धी सुचली. राईला पाणी किती उशिरा पोचतं ते एका मच्छीवाल्याला विचारून घेतलं आणि तेवढा वेळ मशीनच्या हिशेबात मिळवला. बदल एका ओळीचा. त्याचं राहिलेलं काम आपण पुरं केलं, म्हणून मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी घरी गोडाचा शिरा केला.

सकाळी फोन आला.

"आज बरोबर आला, बाय."

"हो काका," मी उत्साहाने म्हटलं, "मी दुरुस्त केलंय. आता रोज आपल्या खाडीचीच वेळ येईल."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हंजे हा तू पाठवलास," ते म्हणाले. "त्यानं कवा बरोबर पाठवला न्हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी घाईघाईने म्हटलं, "काका, मी आत्ता बदलते. होतं तसं करते. उद्यापासून परत मुंबईचंच पाणी येईल."

"नको," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "ती चूक त्याची व्हती. आता तू घातलीस तर तुजी व्हईल."

मग त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली, पावसाळ्याआधी एकदा जेवायला ये म्हणाले, आणि फोन ठेवला.