पाच मिनिटांची साक्ष

साक्ष द्यायला मला कधी कंटाळा आला नाही. उलट आवडायचंच. भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी सात वर्षांची होते. दिवसभर ढिगाऱ्याखाली होते आणि प्रभूनं मला जिवंत बाहेर काढलं, एवढं मी बोलले की चर्चमधल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. बाकीच्या मुलींपेक्षा माझा भाव जरा वरच असायचा.

खरं तर मला जवानांनी बाहेर काढलं. नंतर तीन महिने मी लातूरच्या दवाखान्यात होते, पायाचं दोनदा ऑपरेशन झालं, सुया टोचून टोचून दंड सुजले होते. सुरुवातीला मी हे सगळं सांगायचे. मग आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "बेटा, साक्ष लांबते. दवाखान्याचं राहू दे, पाच मिनिटांत आटप." तेव्हा मी लातूरला बारावीचे क्लास करत होते. तिथले सरही तेच सांगायचे, मार्क मिळतील तेवढंच लिहा. मला ही काटछाट सहज जमली.

दिवाळीच्या सुट्टीत आमची मंडळी किनवटकडच्या डोंगरात गेली. जीप पायथ्याला सोडली आणि जुन्या कपड्यांची गाठोडी घेऊन दीड तास चढलो. वर वीसेक घरांची वस्ती होती. आम्ही मुली तिथल्या लोकांकडं सर्कस बघायला आल्यासारख्या बघत होतो. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

आमच्याबरोबर एक नर्सबाई होत्या. एका बाईच्या मांडीवरची चारेक वर्षांची पोर त्यांनी तपासली. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. "हिला आजच खाली दवाखान्यात न्यावं लागंल," नर्सबाई म्हणाल्या. "जीपमध्ये जागा करू."

"माजं पयलं लेकरू दवाखान्यातच गेलं," बाई म्हणाली.

मग उपासना झाली, माझी साक्ष झाली. त्या दिवशी मी इतकं छान बोलले की मलाच रडू आलं. प्रार्थना संपल्यावर ती बाई पोरीला खांद्यावर घेऊन माझ्याकडं आली.

"तुला दवाखान्यात नेलं व्हतं का गं?"

पाळकसाहेब हातभरावर उभे होते. नर्सबाई पलीकडं औषधं वाटत होत्या. खोटं बोल असं मला कुणीही सांगितलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले. "प्रार्थनेनंच."

बाईचा चेहरा एकदम सैल पडला. नंतर नर्सबाईंनी तिला परोपरीनं समजावलं, रागावल्या, हाताला धरून उठवलं. बाई नाही नाही म्हणून मान हलवत राहिली. मला तेव्हाही बोलता आलं असतं. पण चारचौघांत मला खोटं पडायचं नव्हतं. पाळकसाहेबांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली आणि उजेड आहे तोवर आम्ही डोंगर उतरलो.

परीक्षा संपल्यावर उन्हाळ्यात पुन्हा तिथं गेलो. बाई अंगणात एकटीच वाळलेली मोहाची फुलं निवडत होती. पोर कुठं दिसेना. मी विचारलं.

"तुमी गेल्यावर तिसऱ्या दिशी गेली." तिचे हात चालूच होते. "मी रोज केली प्रार्थना. तू सांगितलीस तशीच. माजं काय चुकलं?"

मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. जवान, दवाखाना, तीन महिने, ऑपरेशनं. तुमचं काही चुकलं नाही, मी खोटं बोलले, असंही म्हणाले. ती ओरडेल, मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं हातातली फुलं सुपात टाकली. झाडाखाली बायका जमल्या होत्या. पाळकसाहेब मला साक्षीसाठी हाक मारत होते.

"चल," बाई उठून म्हणाली. "आता हेच तितं सांग."

ती जाऊन सगळ्यांच्या पुढं बसली. मी पाळकसाहेबांना पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि कुडाला टेकून बसले. साक्ष दुसऱ्या मुलीनं दिली. ती बाई शेवटपर्यंत माझ्याकडं तोंड करून बसली होती.