छत्तिसाच्या पुढे

फिल्मचा रोल काकाजी कधी काउंटरवर ठेवत नसत. खिशातून रुमाल काढायचा, रुमालातून रोल काढायचा, तो माझ्या तळहातावर ठेवायचा आणि माझीच बोटं त्यावर मिटून द्यायची. "जपून पाठवजा भाऊ. माणसं हायेत आत."

आतली माणसं म्हणजे बाजारातली भाजीवाली, संत्र्यांच्या पेट्या भरणाऱ्या बाया आणि शेजाऱ्याची म्हैस. म्हशीलाही ते माणसांतच धरत. सगळं ब्लॅक अँड व्हाइट.

अमरावतीत माझं फोटोचं दुकान आहे. फोटोचं म्हणायचं इतकंच. पोट चालतं ते झेरॉक्सवर, पासपोर्ट फोटोंवर आणि कपांवर छापलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर. डार्करूममध्ये लॅमिनेशनचं मशीन बसलंय. तुमच्या गावातही असं एखादं दुकान असेल, पाटीवर अजून 'कलर लॅब' लिहिलेलं. मध्यंतरी कॉलेजच्या मुलामुलींना रोलचं वेड लागलं होतं. आजोबांचे कॅमेरे घेऊन यायची, "काका, याचा लूकच वेगळा" म्हणायची. रोल महागला आणि लूक उतरला. उरले काकाजी एकटे.

काकाजी परतवाड्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. बत्तीस वर्षं खिडकीत बसून लोकांच्या एकाच प्रश्नाला त्यांनी एकच उत्तर दिलं. "येऊन राह्यली." गाडी आसेगावात पंक्चर होऊन उभी असली तरी "येऊन राह्यली." रिटायर झाल्यावर दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ते स्वतः गाडीत बसून माझ्याकडे यायचे. नवा रोल द्यायचा, मागच्या रोलचे फोटो न्यायचे. रोल मी कुरियरनं मुंबईला पाठवायचो. धुऊन यायला महिना लागायचा.

"मोबाइलवर काढत जा ना, काकाजी," मी एकदा म्हणालो. "लगेच दिसते."

"थेच तं! लगेच दिसते म्हणून माणूस मोबाइलातच पाह्यते. समोरचं तिथंच राह्यते." मग थोडं थांबून म्हणाले, "अन् घरात कायची तरी वाट पाहाले पाह्यजे ना भाऊ."

घरात काकू होत्या, पण त्या काकाजींना विसरल्या होत्या. दोन वर्षांपासून त्या नवऱ्याला पाहुणे समजत. "पावणे, जेवून जाजा," असा रोज आग्रह करत. काकाजी हे हसत सांगायचे. "रोज पावणा म्हणून जेवतो. वाढते मात्र झकास!" ऐकताना मीही हसायचो, आणि ते गेले की कामात लक्ष लागायचं नाही.

एका मंगळवारी ते दुकानाच्या पायरीला ठेचकाळतच आत आले. "भाऊ, बुढीनं वळखलं मले!"

आदल्या आठवड्यात भर दुपारी ते अंगणात कपडे वाळत घालत होते. ओट्यावरून काकूंची हाक आली, "अजी, उनात काहून उभे आहा?" अजी! ही नवऱ्याला मारायची हाक, पाहुण्याला कोणी अशी मारत नाही. काकाजी धावत आत गेले, कॅमेऱ्यात नवा रोल भरला आणि त्या बघत होत्या तोवर फोटो काढत राहिले. पंधराएक मिनिटं. मग काकूंनी विचारलं, पावणे, कुठून आले?

"आता हरकत नाई," काकाजी म्हणाले. "महिन्याभरात पाहीन मी ते नजर."

रोल कोरा आला.

घाईत रोलचं टोक कॅमेऱ्यातल्या खाचेत बसलंच नव्हतं. वरून लिव्हर फिरतो, बटण दाबलं जातं, आवाज येतो, आकडा पुढे सरकतो आणि आत रोल जागचा हलत नाही. या धंद्यातल्या प्रत्येकाच्या हातून ही चूक एकदा तरी होते. माझ्या हातून एका साक्षगंधात झाली होती आणि नवरीच्या मामानं माझी कॉलर धरली होती. ते साक्षगंध निदान पुन्हा उभं करता आलं.

धुऊन आलेली ती कोरी पट्टी मी ड्रॉवरमध्ये टाकली. मंगळवारी काकाजींनी विचारलं, "आले का?"

"येऊन राह्यले, काकाजी."

ते खळखळून हसले. "हे तं माह्यं वाक्य हाये!"

तिसऱ्या महिन्यात काकू गेल्या. तेरवीसाठी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून मीच दिला. त्यात त्या कुठेच पाहत नव्हत्या. आता सांगायचं कोणत्या तोंडानं? काकाजी येत राहिले. नवा रोल नसायचा. "आले का?" विचारायचे, माझं उत्तर ऐकायचे, चहा घ्यायचे आणि चारची गाडी धरायचे. मला मनापासून लाज वाटायची.

आठव्या महिन्यात मला ते सोसेना. खरं सांगितलं की दोघंही सुटू, असं मी स्वतःला समजावलं. सुटायचं मलाच होतं. ड्रॉवर उघडून पट्टी पुढे ठेवली. "काकाजी, रोल कोरा निघाला. कधीचाच आलता. माफ करा मले."

त्यांनी पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. सगळी नितळ, कडेला कंपनीनं छापलेले आकडे तेवढे उमटलेले. त्यांचा अंगठा एकेका आकड्यावरून सरकू लागला.

"अकरा. इथं पदर सावरला तिनं." अंगठा पुढे गेला. "सतरा. इथं हासली."

असे ते छत्तीसपर्यंत गेले. मग म्हणाले, "छत्तीसवर रोल संपला का लिव्हर अडते ना, भाऊ? थो अडलाच नाई. अडतीस झाले, चाळीस झाले. तवाच समजलं मले."

"तवाच? मंग आठ महिने कायले येत होते तुमी?"

"तुमी 'येऊन राह्यले' म्हणत होते म्हणून." पट्टी त्यांनी हळूच काउंटरवर ठेवली. "तुमी म्हणत होते तवरोक होता ना थो फोटो. आज काहून सांगितलं?"

मी चहावाल्याला हात केला. चहा न घेताच ते पायरी उतरले.

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. दिवाळीनंतर भाचीकडे परतवाड्याला गेलो होतो, तेव्हा परतताना स्टँडवर दिसले. बाकावर एकटेच, हात मांडीवर. अमरावतीची गाडी लागली, लोक धावले. त्यांनी मान वर करून पाटी वाचली आणि पुन्हा खाली बघू लागले. हाक मारावी असं फार वाटलं, पण मारून सांगणार काय? मी गाडीत चढलो, त्यांच्या बाजूच्या खिडकीशी बसलो. गाडी सुटली तरी ते बाकावरून उठले नाहीत.