अंबाजोगाईला मुक्काम कुठं करायचा

मी संशयी माणूस आहे. बायको तसं म्हणते, गाव तसं म्हणतं, आता मीच म्हणतो म्हणजे वाद मिटला. तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस दुसरा कसा असणार? वाळूची गाडी आली की मूठभर वाळू तळहातावर चोळून माती किती निघते ते बघायचं. सिमेंटचं पोतं फोडायच्या आधी वरून दाबून गाठी लागतात का ते बघायचं. दुसऱ्यानं उभी केलेली भिंत दिसली की आधी ओळंबा सोडायचा, मग बोलायचं. माणसांनाही मी असाच ओळंबा लावत आलो, आणि बहुतेक वाकडेच निघाले.

त्या साली आमच्या चौसाळ्यात सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. टँकरचं पाणी बांधकामाला वापरायचं नाही, अशी नोटीस ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली आणि माझी थापी घरात खुंटीला लागली. चार महिने हाताला सिमेंट लागलं नाही. पुण्यात एका इमारतीच्या फाटकावर वॉचमनची जागा आहे, असा एका पाहुण्याचा निरोप येऊन पडला होता. आयुष्यभर इमारती बांधल्या आणि आता दुसऱ्याच्या इमारतीचं फाटक उघडायला जायचं, या विचारानं जेवताना घास तोंडात फिरायचा.

तशात गावच्या दूध संस्थेच्या चेअरमननं बोलावलं. संस्था सभासदांच्या जनावरांसाठी पाण्याच्या टाक्या बांधणार होती. विटांच्या नाहीत, लोखंडी जाळीवर इंचभर सिमेंट थापून केलेल्या. माल कमी, पाणी कमी. त्याचा दोन दिवसांचा वर्ग अंबाजोगाईला होता, शनिवार-रविवार. जो वर्ग पास झाल्याचा कागद आणेल, त्याला गावातल्या सगळ्या टाक्यांचं काम.

"फी किती?" मी विचारलं.

"फी न्हाई."

"कावून न्हाई?"

"संस्था भरती ना मिस्त्री. जाण्यायेण्याचं अन् राहण्याचं तेवढं तुमचं तुमी बघा."

माझ्या मनात पाल चुकचुकली. चेअरमनचा पुतण्या सेंट्रिंगचं काम करायचा. मला दोन दिवस गावाबाहेर काढून हा आपल्या पुतण्याच्या हातात काम देणार, असं मी धरून चाललो. पण कागद आणला नाही तर पुण्याचं फाटक होतंच. म्हणून हो म्हणालो.

आता जायचं कसं आणि राहायचं कुठं? रोज जाऊन-येऊन करावं तर तिकीट चार वेळा काढा, आणि वर्ग सकाळी आठला. मांजरसुंब्याला गाडी बदलून नेकनूर, केज करत पहिल्या एसटीनं गेलो तरी दहा वाजणार. म्हणजे शुक्रवारीच जाऊन पडायला हवं. मांजरसुंब्यापर्यंत संस्थेचा दुधाचा टेम्पो न्यायला तयार होता, फुकट. ड्रायव्हर इतक्या गोडीनं "बसा की मिस्त्री" म्हणाला, की हा चेअरमनचा माणूस असणार याची मला खात्रीच पटली. तरी बसायचं ठरवलं. तेवढंच एक तिकीट वाचत होतं.

राहायला लॉज परवडणारा नव्हता. पण आमची एकुलती लेक अंबाजोगाईतच दिली होती. सहा वर्षं झाली होती, जावयाचं तीन खोल्यांचं घर होतं. मग प्रश्न कसला? तर प्रश्न असा, की बायको हे बोललीच नाही. एरवी त्या वाटेनं कुणी नुसतं बारशाला निघालं तरी "लेकीकडं डोकावून या" म्हणणारी बाई, मी लॉजचे भाव विचारत होतो आणि ती खाली मान घालून भाकरी थापत होती. एकदा वर बघितलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. बघितलं नाही.

मी स्वतःच लेकीला फोन लावला. "माय, वर्गाला येतोय. शुक्रवार-शनिवार दोन रात्री तुझ्याकडं टेकतो."

तिनं आधी गावात टँकर येतो का ते विचारलं. मग म्हणाली, "आण्णा, इकडं पाणी लई कमी हाय. नळ आठ-आठ दिवस येत न्हाई."

"मी काय हत्ती हाय का?"

ती हसली, पण वरवर. "देवळामागं धर्मशाळा हाय. मी तुमच्यासाठी खाट सांगून ठिवते. पैसे भरते मी. वर्गाची जागाबी तिथून जवळ हाय."

तीन खोल्यांचं घर असलेली लेक बापासाठी धर्मशाळेची खाट सांगते आणि पैसेही भरते. कुठंतरी पाणी मुरत होतं. मी अंदाज बांधला: सासू म्हणाली असणार, दुष्काळात पाहुणे कशाला. जावई म्हणाला असणार, तुझ्या बापाच्या आंघोळीला पाणी कुठून आणू. माझं डोकं सणकलं. खाटेला मी हो म्हणालो, आणि मनात ठरवलं की आधी थेट त्यांच्या दारात जायचं. पाच लिटरचा कॅन घरच्या पाण्यानं काठोकाठ भरून घेतला. सासूच्या पुढ्यात ठेवणार होतो आणि म्हणणार होतो, घ्या, माझं पाणी मीच आणलंय.

मांजरसुंब्याला एसटीत चढताना कंडक्टर म्हणाला, "आबा, पाणी घेऊन निघालात? तिकडं मिळंल की." मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. केजपर्यंत कॅन मांडीवर घेऊन बसलो, खाली ठेवला तर कुणी उचलून नेईल म्हणून. त्या दिवसांत पाण्याचा भरोसा धरता येत नव्हता.

अंबाजोगाईला उतरलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. लेकीच्या घराची कडी वाजवली. सासूनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. आत जावई टीव्ही बघत होता. त्यानं मान वळवून मला पाहिलं आणि परत टीव्हीकडं केली.

"लेक कुठंय?" मी विचारलं.

"ती हितं कुठं राहती आता? आठ महिने झाले निघून गेली. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

कॅन माझ्या हातातच राहिला. बसा म्हणाली नाही, आणि मीही बसलो नसतो. कुठं गेली म्हणून विचारलं तर "आमाला काय ठावं" म्हणाली आणि दार लावून घेतलं. काय काय ऐकवायचं म्हणून एसटीत घोकत आलो होतो. ते सगळं आणि तो कॅन तसाच घेऊन धर्मशाळा शोधत निघालो.

धर्मशाळेच्या माणसाकडं माझं नाव लिहिलेलं होतं. खाटेवर धुतलेली चादर होती. लेकीला फोन लावला, तिनं उचलला नाही. बायकोला लावला.

"ती तिथं न्हाई," मी म्हणालो.

"मला ठावं हाय," बायको म्हणाली. "सुखरूप हाय ती. जेवलात का?"

मी फोन ठेवून दिला. सगळ्या दुनियेवर नजर ठेवून बसलो होतो, आणि आठ महिने माझ्याच घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. राग आला, लई राग आला. पण तो ठेवायचा कुणावर, ते कळेना. कारण खाटेवर पडल्या पडल्या मला दीड वर्षामागची ती दुपार आठवायला लागली होती.

त्या दुपारी लेक एकटीच पिशवी घेऊन चौसाळ्याला आलती. बायको दारात उभी होती, मी ओट्यावर. ती म्हणाली, "आण्णा, मला तिथं नांदायचं न्हाई. ते मारतात." मी आधी तिलाच ओळंबा लावला. काय बोललीस तू? काही उलट बोललीस का? मारायला काहीतरी कारण झालं असंल ना? मग तिच्यासमोरच जावयाला फोन लावला. तो गोड बोलला. म्हणाला, "काय करू आण्णा, रागीट हाय जरा. तुमच्यावरच गेलीय." मी फोनवर हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी स्वतः तिला नेऊन सोडली. वाटेत ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, समजूत पटली.

शनिवारी सकाळी आठला वर्गाच्या शेडमध्ये गेलो. आम्ही बारा मिस्त्री होतो, धारूर, केज, परळीकडचे. शिकवणारे साहेब बाहेरगावचे होते. ते म्हणाले, "टाकीचा सगळा जीव जाळीत असतो. जाळीचं काम आपल्या ताई शिकवतील." पुरुषाचा शर्ट अंगात, डोक्याला ओढणी बांधलेली, हातात पक्कड घेऊन आतून माझी लेक आली.

तिनं मला बघितलं. नजर थांबली नाही. मग तिनं सळईच्या सांगाड्यावर जाळी ताणली आणि तार कशी पिळायची ते दाखवायला लागली. बोटं भराभर चालत होती. बोटांवर तारेचे ओरखडे होते, काही जुने, काही ताजे. फिरत फिरत माझ्याजवळ आली.

"मिस्त्री, तार उलटी पिळताय तुमी."

बाकीच्यांनाही ती मिस्त्रीच म्हणत होती. मी तार सुलटी पिळली. जेवणाच्या सुट्टीत मी हळूच "माय" म्हणालो, तर म्हणाली, "वर्ग चालू हाय, आण्णा. दोन घास खाऊन घ्या." एवढं तरी आण्णा म्हणाली.

दुपारी प्रत्येकानं जनावराला पाणी प्यायची एक छोटी डोणी करायची होती. जाळीवर इंचभर माल, बस. ती खिळा टोचून जाडी मोजत होती. माझ्या डोणीला चार ठिकाणी खिळा टोचला आणि म्हणाली, "इंच भरला. आता हात लावू नका. ओल्या पोत्यानं झाका."

मी झाकलं. पण मनाला पटेना. इंचभर? तीस वर्षांत मी नऊ इंचांहून पातळ भिंतीत कधी पाणी अडवलं नव्हतं. जनावर शिंग घासणार, गडी बादली आपटणार, इंचभर माल काय धरणार? आणि खरं सांगायचं तर ती शिकवतेय यावरही माझा विश्वास बसत नव्हता. हिला कुणी शिकवलं, किती दिवस झाले, हिला काय कळतं? सगळे चहाला गेले तेव्हा मी पोतं काढलं, उरलेला माल घेतला आणि अजून दोन बोटं थर चढवला. हात फिरवून गुळगुळीत केला आणि पोतं परत टाकलं. तेव्हा कुठं जिवाला बरं वाटलं. संध्याकाळी ती साहेबांबरोबर हिशेबाला बसली होती, माझ्याकडं बघितलं नाही. मी धर्मशाळेत जाऊन पडलो.

रविवारी दिवस उतरताना एकेकाच्या डोणीवरचं पोतं काढलं. बोटानं टिचकी मारली की बहुतेक खणखणीत वाजत होत्या. माझ्या डोणीवरचं पोतं काढलं, तर बाहेरचा थर स्वतःच्याच वजनानं खाली घसरून आला होता. पोट सुटलं होतं आणि घसरताना आतला इंचही सोबत ओढून नेला होता. वर जाळी उघडी पडली होती. धारूरचा एक जण हसला. साहेबांनी कागदांच्या गठ्ठ्यातून माझा कागद बाजूला काढून ठेवला.

लेक डोणीजवळ उकिडवी बसली. "कधी लावला हा?"

"चहाच्या टायमाला."

"मी बस म्हणाले होते ना?"

"इंचभरात पाणी कसं थांबंल, माय? माझा भरोसाच बसंना."

ती सुटलेल्या थराचा एक तुकडा हातात घेऊन बघत राहिली. मग इतक्या हळू बोलली की बाकीच्यांना ऐकू गेलं नसणार.

"तुमी समद्यांवर शक घेता, आण्णा. वाळूवर, सिमेंटवर, चेअरमनवर. जन्मात एकदाच डोळे झाकून भरोसा ठिवला, तो त्या घरावर. मी तुमच्यासमोर उभी राहून सांगत होते तरी."

 चुकलो म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. असल्या वेळेला माझी जीभ कधीच उचलत नाही. ती उठली, हात झटकले आणि टेबलाशी जाऊन बसली.

ज्यांचं काम बिघडलं होतं त्यांना पंधरा दिवसांनी पुन्हा वर्गाला येता येणार होतं. आम्ही तिघं होतो. ती एकेकाला बोलावून फॉर्म भरत होती. माझी पाळी आली. नाव तिनं न विचारता लिहिलं. गाव लिहिलं. कामाचा अनुभव, तीस वर्षं. मग पुढच्या रकान्यावर येऊन थांबली. तो रकाना सगळ्यांसाठी होता, राहण्याची सोय करायला सोपं जावं म्हणून. शहरात नातेवाईक आहेत का?

माझ्या आधीच्याला तिनं तो वाचून दाखवला होता. मला वाचून दाखवला नाही. पेन वर धरून बसली. मी म्हणू शकलो असतो, हाय, लेक हाय. पण तो शब्द उच्चारायचा हक्क आता माझा उरलाय का, ते ठरवणारा मी नव्हतो.

"तुला काय लिवायचं ते लिव," मी म्हणालो.

तिनं काहीच लिहिलं नाही. रकाना तसाच कोरा सोडला, खाली माझी सही घेतली आणि पुढच्या मिस्त्रीला हाक मारली. अंबाजोगाईच्या स्टँडवर येईपर्यंत आणि तिथून घरी पोचेपर्यंत मी एवढंच मनात धरून होतो, की तिनं 'नाहीत' असं लिहिलं नव्हतं.