शंभराच्या पुढचा एक

दातेमास्तरांच्या स्वतःच्या तोंडात चारच दात उरलेले, पण तीस वर्षांत त्यांनी लोखंडाला पाडलेल्या दात्यांची गणती नाही. दातेरी चाकं कापायचं त्यांचं यंत्र कारखान्याच्या कोपऱ्यात कुरकुरत असायचं. ती कुरकुर त्यांना आपल्या बोलण्यापेक्षा जास्त कळते, असं त्यांची बायको म्हणायची.

सोमवारी मालकानं सांगून टाकलं, "मास्तर, शनिवारपर्यंत एक तरी काम पक्कं करा. नाहीतर हे धूड भंगारात."

बुधवारी काम चालून आलं. दोरखंडाच्या कारखान्यातली बाई आली. तिच्या यंत्रातली दोन चाकं फुटली होती आणि तुकडे कुणीतरी फेकून दिले होते. जुन्या कागदावर एवढंच होतं: दांडा १०,४०३ वेळा फिरला की शेवटचं चाक एकदा फिरावं. दांड्याच्या एका फेऱ्याला पहिलं चाक एकच दाता सरकायचं आणि पहिल्याच्या एका फेऱ्याला दुसरं; म्हणजे दोन्ही चाकांच्या दात्यांचा गुणाकार १०,४०३ हवा.

मास्तर खडू घेऊन फरशीवर बसले. दोननं जाईना, तीननं जाईना, सातनं नाही, तेरानं नाही. दोन दिवसांत शंभराच्या आतले सगळे पंचवीस मूळ आकडे लावून झाले. शेवटी सत्त्याण्णवला चोवीस उरले, तेव्हा त्यांनी खडूच आपटला. शुक्रवारी बाई विचारायला आली, तर मास्तर म्हणाले,

"शंभर गुणिले शंभर दहा हजार. आपला आकडाही दहा हजारांचाच. मग एक तरी चाक शंभराच्या आतलं हवं की नको? नाही सापडत. हा आकडा फुटतच नाही, बाई. आणि एकच चाक करायचं तर ते गाडीत मावायचं नाही."

बाई कागदाची घडी करून निघून गेली.

शनिवारी दुपारी मास्तर घरी तोच आकडा घोकत बसलेले. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "ताट वाढून ठेवलंय! शंभर हाका मारल्या, आता ही एकशे एकावी!"

मास्तर दचकले. एकशे एक? तिथंच फरशीवर मांडलं. एकशे एक गुणिले एकशे तीन. बाकी शून्य.

त्यांनी कपाळावर हात मारला. "दहा हजार धरले आणि वरचे चारशे तीन खाऊन बसलो गं मी!"

"तेच खा. जेवण कुठे खाताय?"

चप्पल उलटीसुलटी घालून ते कारखान्यात पोचले, तर कोपरा रिकामा. तेलाचा काळा डाग आणि बोल्टांची चार भोकं तेवढी राहिलेली.

"मालक, आकडा फुटला!"

"यंत्रही फुटलं," मालक म्हणाला. "घणानं तीन तुकडे केले, तेव्हा कुठे गाडीत चढलं. बाईनं काम कालच दुसरीकडे दिलं. बैल गेला आणि झोपा केला, मास्तर!"

मास्तरांनी खाली पाहिलं. फरशीवर त्यांचं खडूचं गणित अजून तसंच होतं. शेवटी सत्त्याण्णव, बाकी चोवीस. त्याखाली आणखी एक ओळ सहज मावली असती. मास्तर त्यावर पचकन थुंकले आणि चपलेनं पुसत राहिले.