तळ्याकाठची अक्का

शैलाला झोप धड लागत नाही आणि लागलेली धड मोडतही नाही. मिरजेच्या एका इस्पितळात, अतिदक्षता विभागात ती पडून आहे. घरच्यांसोबत एका लग्नाहून परतताना त्यांची गाडी उसाच्या ट्रॉलीवर आदळली, तेव्हापासून. गळ्यात नळी घातल्यामुळे आवाज फुटत नाही. छतावर मुंग्या चालताना दिसतात. नर्स विष टोचतेय असं वाटतं. त्या भीतीनं तिनं नळ्या उपटल्या, म्हणून आता तिचे हात कॉटच्या दांड्यांना पट्टीनं बांधून ठेवलेत.

दुपारी मृण्मयी येते. घाबरलेल्या रुग्णांचं मन सांभाळणं हे तिचं इथलं काम. तिच्या हातात काळा, जाडजूड चष्मा आहे, घातला की डोळ्यांसमोर दुसरंच जग उभं करणारा.

"मावशी, सारख्या या मशिनी बघून डोकं भ्रमतं. थोडा वेळ तळ्याकाठी जाऊन या. नको वाटलं तर बोट हलवा, मी लगेच काढते."

ती पट्टा डोक्यामागे सरकवते. मुंग्या जातात. समोर तळं पसरतं, कुठल्या तरी परमुलखातलं, काठावर उंच काळपट झाडं, पाण्यात शिरलेला लाकडी फळ्यांचा धक्का. कानात पाखरं बोलतात. शैलाच्या पापण्या जड होतात. चष्म्यातलं तळं कुठं संपतं आणि झोप कुठं सुरू होते, ते तिला कळत नाही.

धक्क्याच्या टोकाला इंदूअक्का बसलीये. तिची थोरली बहीण. लग्नात नेसलेली जांभळी साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन तिनं पाय पाण्यात सोडलेत.

"ये," अक्का म्हणते. "किती वाट बघायची गं?"

शैला तिच्याशेजारी बसते. हात मोकळे आहेत. आवाजही फुटतो.

"अक्का, तू वरच्या वॉर्डात होतीस ना? पाय मोडलाय म्हणाले हे."

"रघुनाथराव म्हणाले? म्हणताना कान चोळत होते का, खोटं बोलताना चोळतात तसे?"

शैला आठवून बघते. चोळत होते. रोज चोळतात.

धक्क्याच्या फळ्या मऊ होतात आणि त्या दोघी गाडीच्या मागच्या सीटवर आहेत. बाहेर अजून तळंच आहे, पण काचेवर उसाची पाचट चिकटलीये. अक्काचं डोकं शैलाच्या मांडीवर आहे, भलतंच जड.

"लोक काच फोडत होते," अक्का मांडीवरूनच सांगते, "आणि तू त्यांना म्हणत होतीस, हळू, अक्का झोपलीये."

शैलाला ते आठवतं. शब्दन् शब्द आठवतो. मांडी ओली झाली होती, तेही.

"तेव्हाच गेलीस?"

"त्याच्याही जरा आधी."

शैला अक्काचे केस कपाळावरून मागे सारत राहते. मग त्या इस्लामपूरच्या, माहेरच्या स्वयंपाकघरात उभ्या आहेत. फरशीवर घोट्याएवढं पाणी आहे आणि ओट्यावर दूध तापत ठेवलंय. भिंतीमागून कुठून तरी मशिनचा टिक टिक आवाज येतोय.

"शैले, चल ना माझ्यासोबत," अक्का म्हणते.

"कुठं?"

"ते मलाही नीट माहीत नाही. अंधार आहे. मला एकटीला भीती वाटते."

शैला तिच्याकडे बघतच राहते. आई गेल्यावर हिनंच सगळं घर ओढलं. शैलाला शाळेत घातलं, तिचं लग्न लावून दिलं, बाळंतपणं केली. भीती वाटते, हे शब्द या तोंडून तिनं कधी ऐकलेले नाहीत. जावं, असंच वाटतं. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलंय आणि ते गारही नाही. एक पाऊल ती टाकतेही.

टिक टिक मध्येच थांबते. सगळं शांत होतं.

आणि त्या शांततेत शैलाला श्वास हवासा वाटतो. फक्त श्वास, दुसरं काही नाही.

"नको, अक्का," ती म्हणते. "मी नाही येत."

म्हणताना तिला स्वतःची लाज वाटते. अक्का रागावत नाही. मान हलवते, पदरानं तोंड पुसते.

"बरं. मग बस जरा. काय अवतार केलायस केसांचा."

दोघी पुन्हा धक्क्यावर. अक्का मागे बसते आणि गुंता बोटांनी सोडवू लागते. केस ओढले जातात, डोक्याची कातडी दुखते. शैला दुखू देते. अक्का चार पेड घेते आणि घट्ट विणत जाते. खाली, खाली. मग मागचे हात थांबतात. शैला वळून बघत नाही.

"मावशी. मावशी, डोळे उघडा."

चष्मा निघालेला आहे. मृण्मयीचा चेहरा पांढरा पडलाय. सिस्टर एस्तेर मशिनची कळ दाबतेय. "नाडी मंद झाली होती. आता ठीक आहे," ती म्हणते. शैलाचा नवरा रघुनाथ पायथ्याशी उभा आहे. त्याला आत बोलावून घेतलेलं दिसतंय.

शैला त्याच्याकडे बघते आणि ओठ हलवते. आवाज नाही, पण त्याला समजतं. अक्का गेली.

त्याचा हात कानाकडे जातो. मध्येच थांबतो. तो स्टुलावर बसतो, तिच्या पायांवर कपाळ टेकवतो आणि त्याचे खांदे हलू लागतात.

बऱ्याच वेळानं एस्तेर शैलाला कुशीवर वळवते, पाठ पुसायला. आणि थबकते.

"ही वेणी कुणी घातली? सकाळी तर केसांचा नुसता गुंता होता. कापायचं ठरलं होतं आमचं."

"मी नाही," मृण्मयी म्हणते. "मी फक्त पट्टा लावला."

शैलाचे हात अजून दांड्यांना बांधलेले आहेत. उशीवर चार पेडांची, ताठ विणलेली वेणी पडलीये. टोकाला ना रबर, ना रिबीन, तरी सुटत नाही.

"सोडू का?" एस्तेर विचारते.

शैला मान हलवते. नको.