बेड नंबर सातचा डिस्चार्ज

१९४५ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून माझी बदली थेट गोंदियाला झाली. फुलचूरच्या वाटेवर लष्कराने टिनाच्या चार बराकी उभारून तात्पुरतं हॉस्पिटल थाटलं होतं. मी नर्सिंग हवालदार. घर तिथून चालत वीस मिनिटांवर, त्यामुळे सरकारने मला लढाईवरून आणून घरजावई केलं, असं सोबती चिडवायचे.

दिनक्रम ठरलेला. साडेपाचला टेम्परेचर, सहाला चहा, आठला डॉक्टर कॅप्टनसाहेबांचा राउंड. बहुतेक पेशंट मलेरियाचे. ताप उतरला की माणसाला घरी पाठवायचं. सोबत मेपाक्रिनच्या गोळ्या, रोज जेवल्यावर एक, चार आठवडे. स्लिप इंग्रजीत, खाली माझी सही. पेशंटला विचारायचं, समजलं का? तो म्हणायचा, जी. झालं आमचं काम.

या गोळीने कातडी पिवळी पडते. आघाडीवर आम्ही सगळेच पिवळे होतो, साहेबसुद्धा. सगळेच तसे, म्हणून तो रंग आम्हाला दिसेनासा झाला होता. इथेच मी चुकलो, आणि मी तर याच मातीतला. मला तरी कळायला हवं होतं.

सिपाही तुकाराम पटले सालेकशाकडचा, धानाच्या शेतीवर वाढलेला. वॉर्डातला भात त्याला कधी पसंत पडला नाही. रोज ताट परत करताना हा भात आहे की पेज, असं मलाच विचारायचा. एका सोमवारी मी रजिस्टरात त्याच्या नावापुढे 'फिट' लिहिलं आणि त्याला गाडीत बसवून दिलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी ९.४० ला चौघांनी त्याला स्टेशनवरून खाटेवर उचलून आणलं. मलेरिया उलटून मेंदूत गेला होता, शुद्ध नव्हती. गळ्यात काविळीची माळ, मनगटावर डाग दिल्याच्या ताज्या खुणा. सोबत थोरला भाऊ सीताराम. गोळ्यांचं विचारलं, तेव्हा तो सरळ माझ्याकडे बघून बोलला.

"पिवळाजर्द होऊन आला जी. आमाले वाटलं, कावीळ झाली. गोळ्या मीच बंद केलो."

"काऊन बंद केल्या?"

"आमाले कोनं सांगतलं का, गोळीनं पिवळा होते म्हणून?"

दुपारी ३.१० ला तुकाराम गेला. आघाडीवर मी मरण पुष्कळ पाहिलं होतं, पण त्या दुपारी मी स्टोअरमध्ये जाऊन रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

बेड नंबर सातवर तेव्हा सिपाही धनीराम होता. त्याच गावचा, तोच ताप, तसाच पिवळा. तुकारामला घेऊन निघालेल्या सीतारामला मी सांगितलं, की गुरुवारच्या तीनच्या पॅसेंजरने धनीरामच्या घरचं माणूस घेऊन या. हा पिवळा रंग गोळीचा आहे, हे घरच्यांना दाखवल्याशिवाय मी त्याला सोडणार नाही.

गुरुवारी ११.१५ ला स्टेशनवरून फोन आला. हॉस्पिटल ट्रेन पाच वाजता, बावीस स्ट्रेचर. चारपर्यंत बेड मोकळे करायचा हुकूम निघाला. घरी जाणाऱ्यांच्या यादीत धनीरामचं नाव होतं. ट्रेनला लाइन द्यायची म्हणून पॅसेंजर मागेच कुठेतरी अडकवून ठेवलेली. साडेतीन झाले तरी सीतारामचा पत्ता नाही. कॅप्टनसाहेब वॉर्डात आले.

"हवालदार, बेड नंबर सात?"

"खाली हो जाएगा साहब. डिस्चार्ज नहीं होगा."

"ये ऑर्डर है."

"साहब, मैं साइन नहीं करूँगा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि निघून गेले. धनीरामला मी हाताला धरून आमच्या बराकीत नेलं आणि माझ्या खाटेवर निजवलं. ३.५० ला बेड नंबर सात मोकळा होता. स्ट्रेचरवाल्या जवानाचं काही अडलं नाही. अडला फक्त कागद.

पॅसेंजर ५.३५ ला आली. सीतारामसोबत धनीरामची बायको जानकी. नवऱ्याकडे एकदा बघून तिने तोंडाला पदर लावला. मी समजावत बसलो नाही. तिच्या हातात एक गोळी दिली, पेल्यातल्या पाण्यात चुरायला सांगितली आणि बँडेजची पट्टी बुडवायला लावली. पट्टी पिवळी झाली. तिची बोटंही झाली. नळावर जाऊन तिने ती खसाखसा घासली, तरी रंग निघेना. मग ती बोटं तिने नवऱ्याच्या हाताशेजारी धरून पाहिली.

"कावीळ नोहे मंग," ती म्हणाली. "रंगच होय हा."

मग बाकीचं सोपं होतं. गोळी जानकीने स्वतःच्या हाताने द्यायची आणि गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. ताप आला किंवा तो बरळायला लागला, तर वैद्याकडे नाही, पहिल्या गाडीने माझ्याकडे. एकाआड एक रविवारी मी स्वतः येऊन बघणार. हे सगळं मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मागे दारात कॅप्टनसाहेब कधी येऊन उभे राहिले, मला कळलंच नाही. त्यांनी स्लिप मागितली, दुसऱ्या दिवसाची तारीख घातली आणि सही केली.

शनिवारी त्यांनीच मला समोर उभं करून माझी एक फीत उतरवली आणि हवालदाराचा नायक केलं. हुकूम मोडला होता, तक्रार नाही. त्याच आठवड्यात ऑर्डर निघाली, की मलेरियाचा कोणताही पेशंट घरचं माणूस आल्याशिवाय आणि पट्टी दाखवल्याशिवाय सोडायचा नाही. ऑर्डरवर माझं नाव नव्हतं. नसू दे. ती फीत मी आजही त्याच भावात देईन.

धनीराम वाचला. त्या वर्षीचा धान त्याने स्वतः कापला. पण शुक्रवारी त्याला घेऊन जाताना सीताराम फाटकाशी थांबला होता.

"एवढंच होतं, तं माह्या भावाच्या खेपेले काऊन नाही दाखवलं?"

मी फाटक उघडून दिलं.

पुढे हॉस्पिटल बंद व्हायच्या वेळी रजिस्टर वरच्या ऑफिसात तपासणीला जाणार होतं. फिट लिहिलेला माणूस तीन आठवड्यांत मेला हे बरं दिसत नाही, तेवढी ओळ दुरुस्त करून टाक, असं क्लार्क म्हणाला. सिपाही तुकाराम पटले, वय चोवीस, फिट. अक्षर माझंच होतं. मी ते खोडू दिलं नाही.